फ्रेलिमोतले गट नेमके कुठे शोधायचे?

प्रश्न लातूरच्या एका डाळमिलवाल्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आमची तूर मोझांबिकच्या नकाला बंदरातून येते. ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीनंतर तिथे जाळपोळ झाली आणि आमचा माल लटकला. वडील म्हणतात, सत्ताधारी पक्षात आपली ओळख पाहिजे. एक दलाल सांगतो, त्या पक्षात, म्हणजे फ्रेलिमोत, उत्तरेचे माकोंदे जमातीचे लोक आणि दक्षिणेचे लोक यांच्यात भांडण आहे. दुसरा सांगतो, जुने मार्क्सवादी आणि नवे धंदेवाले असे दोन गट आहेत. खरं काय? आणि आम्ही कुणाला धरावं?"

मी प्राध्यापक नाही. नामपुला प्रांतात आधी काजू बी आणि नंतर तूर खरेदी करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. तुमच्याकडे बाजारात जिला गजरी म्हणतात तीच ही तूर. तिथले लोक तिला फेजांव बोएर म्हणतात. या काळात मी तीन राष्ट्राध्यक्षांचे फोटो सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर चढताना पाहिले आणि दोघांचे उतरताना. त्यामुळे जे सांगतो ते पोत्याच्या काट्याजवळ उभं राहून दिसलेलं आहे आणि इतिहास म्हणाल तर तिथल्या माणसांशी बोलून, वाचून पक्का केलेला.

दोन्ही दलाल अर्धं खरं सांगतायत आणि दोघांच्या सांगण्यावर पैसे लावलेत तर बुडतील. तुम्ही विचारलंय गट कोणते. तुम्हाला खरं तर हे हवंय की तिथे गोष्टी कुणाच्या हातात असतात आणि तो हात बदलला की आपलं काय होतं. याचं उत्तर प्रत्येकाला सारखं नाही. राजधानी मापुतोत सरकारी टेंडर भरणाऱ्याला एक उत्तर, झांबेझिया प्रांतातल्या गुरुए किंवा मोकुबाकडे शेतकऱ्याच्या खळ्यावरून तूर उचलणाऱ्याला दुसरं. उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतातल्या नैसर्गिक वायूत पैसे घातलेल्यांना तिसरंच (तिथल्या एरिया 1 या वायूक्षेत्रात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून 30 टक्के वाटा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). मी तुमच्यासारख्या तूरवाल्याला धरून बोलतो. पण त्यासाठी साठ वर्षं मागं जावं लागेल, कारण आजच्या भांडणाचा साचा तेव्हाच पडलाय.

फ्रेलिमो जन्मली ती परदेशात. 25 जून 1962 ला दार-एस-सलाममध्ये तीन संघटना एकत्र आल्या. उदेनामो ही ऱ्होडेशियातल्या (आताच्या झिंबाब्वेतल्या) बुलावायोत, तिथे मजुरीला गेलेल्या मोझांबिकींनी काढलेली. मानू म्हणजे टांगानिका (आताचा टांझानिया) आणि केनियात राबणारे माकोंदे. उनामी म्हणजे न्यासालँडमधले (आताच्या मलावीतले), मुख्यतः तेते प्रांतातले लोक. तिन्ही देशाबाहेर, कारण आत पोर्तुगीज गुप्त पोलीस श्वास घेऊ देत नव्हते. 16 जून 1960 ला काबो देल्गादोतल्या मुएदात निवेदन घेऊन जमलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या, ती आठवण ताजी होती. एकत्र आणायला टांगानिकाचे पुढारी न्येरेरे यांचा रेटा होता. अध्यक्ष झाले एदुआर्दो मोंदलाने. दक्षिणेच्या गाझा प्रांतातले, अमेरिकेत शिकलेले, संयुक्त राष्ट्रांत नोकरी केलेले, सिराक्यूज विद्यापीठात शिकवणारे. उपाध्यक्ष उरिया सिमांगो, मधल्या सोफाला प्रांतातले प्रोटेस्टंट पाद्री.

आता गंमत बघा. लग्न लागलं आणि वर्षाच्या आत तिन्ही घरची वडीलधारी मंडळी एकेक करून मांडवाबाहेर पडली. ज्यांनी संघटना काढल्या त्यांतले बरेचसे हाकलले गेले किंवा रुसून गेले. राहिलं ते मोंदलानेंभोवतीचं शिकलेलं वर्तुळ आणि प्रशिक्षण घेऊन आलेली तरुण पोरं. 25 सप्टेंबर 1964 ला काबो देल्गादोतल्या शाईच्या ठाण्यावर हल्ला करून सशस्त्र लढा सुरू झाला. पहिली गोळी अल्बेर्तो चिपांदे यांनी झाडली असं पक्षाचा इतिहास सांगतो. हे नाव लक्षात ठेवा, पन्नास वर्षांनी पुन्हा येणार आहे.

माझ्या मते फ्रेलिमोचं पहिलं खरं गटयुद्ध झालं ते मीठ आणि साबणावरून. पुस्तकात ते असं लिहिलेलं नसतं. पुस्तकात 'दोन रेषा' असतात, एक क्रांतिकारक आणि एक प्रतिगामी. पण धंदेवाल्याच्या डोळ्यांनी बघा. काबो देल्गादोत मुक्त केलेल्या मुलखातून पोर्तुगीज दुकानदार पळाले. लोकांकडे काजू, तीळ होते. त्यांना हवं होतं मीठ, साबण, कापड. रोवुमा नदी ओलांडून टांझानियात माल न्यायचा आणि तिकडून हे आणायचं. हा व्यवहार चालवत होते लाझारो न्कावांदामे, माकोंद्यांचे वजनदार पुढारी, युद्धाआधी शेतकऱ्यांची सहकारी संस्था चालवलेले. प्रांताचा कारभार आणि दुकानं दोन्ही त्यांच्या हाती. लष्करी पोरांचा आरोप असा की दुकानात भाव चढा, शेतकऱ्याला मोबदला कमी आणि मधलं लोणी पुढाऱ्यांच्या ताटात. न्कावांदामे गटाचं म्हणणं असं की मरतायत माकोंदे आणि हुकूम सोडतायत दक्षिणेचे शिकलेले.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. म्हणूनच मी टोळीचं राजकारण आणि धंद्याचं राजकारण असे दोन खण करत नाही. नाक्यावर कोण उभं आहे, यावरून भांडण सुरू होतं आणि मग दोन्ही बाजू आपापल्याला शोभेल ती भाषा पांघरतात. कुणी टोळीची, कुणी क्रांतीची.

त्याच सुमारास पक्षाच्या दार-एस-सलाममधल्या शाळेत, मोझांबिक इन्स्टिट्यूटमध्ये, दुसरी आग लागली. मातेउस ग्वेंजेरे नावाचे कॅथलिक पाद्री आणि विद्यार्थी विरुद्ध नेतृत्व. शिक्षण अर्धवट टाकून आघाडीवर का जायचं, गोरे शिक्षक आम्हाला का, असे प्रश्न. 1968 च्या मार्चमध्ये शाळाच बंद पडली. मे महिन्यात पक्षाच्या कचेरीवर हल्ला झाला, त्यात एक कार्यकर्ता मेला. जुलैमध्ये नियासा प्रांतातल्या मुक्त मुलखात पक्षाची दुसरी काँग्रेस, म्हणजे महाअधिवेशन, झाली आणि मोंदलाने पुन्हा निवडून आले. न्कावांदामे तिकडे फिरकले नाहीत. 3 फेब्रुवारी 1969 ला मोंदलानेंच्या हातात पुस्तकाचं पार्सल फुटलं आणि ते गेले. काही आठवड्यांतच न्कावांदामे पोर्तुगिजांना जाऊन मिळाले.

नियमाप्रमाणे खुर्ची उपाध्यक्ष सिमांगोंची. ती मिळाली नाही. तिघांचं अध्यक्षमंडळ केलं: सिमांगो, लष्करप्रमुख समोरा माशेल आणि मार्सेलिनो दोस सांतोस. नोव्हेंबर 1969 मध्ये सिमांगोंनी एक पत्रक काढून सहकाऱ्यांवर खुनाचे आणि प्रादेशिक पक्षपाताचे आरोप केले. पत्रक बाहेर काढलं तिथेच त्यांचा कारभार आटोपला. आतल्या बैठकीत याहून तिखट बोललं गेलं असेल, पण बाहेर छापून वाटणं हा फ्रेलिमोत तेव्हाही अक्षम्य गुन्हा होता, आजही आहे. त्यांना काढलं, 1970 मध्ये माशेल अध्यक्ष झाले. 1975 मध्ये सिमांगो, ग्वेंजेरे, न्कावांदामे आणि आणखी काहींना टांझानियातल्या न्याशिंग्वेया तळावर जमावापुढे उभं केलं, सिमांगोंकडून कबुलीजबाब वाचून घेतला. नंतर नियासात खटल्याशिवाय मारून टाकलं. त्यांच्या पत्नी सेलिना यांनाही पुढे ठार केलं. दोघांची मुलं मागे राहिली, त्यांच्याकडे आपण परत येऊ.

इथे जरा आपल्या बाजूची गोष्ट. न्कावांदामे आणि ग्वेंजेरे यांची एक तक्रार वर्णाची होती: गोरे, मिश्रवंशीय, आशियाई लोक नेतृत्वात कशाला? मोंदलाने आणि माशेल यांनी ती धुडकावली, म्हणून गोव्याच्या रक्ताची माणसं त्या पक्षात फार वर गेली. सेर्जिओ व्हिएरा मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि नंतर सुरक्षामंत्री झाले. ऑस्कर मोंतेइरो मंत्री झाले. आणि अक्विनो द ब्रागांसा तर थेट गोव्यात जन्मलेले. 1974 मध्ये लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा नव्या राज्यकर्त्यांचा अंदाज घ्यायला फ्रेलिमोने त्यांना पाठवलं होतं. पुढे ते मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकन अभ्यास केंद्राचे संचालक होते. 1982 मध्ये तिथे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदविरोधी अभ्यासक रूथ फर्स्ट यांच्या टेबलावर पार्सल बॉम्ब फुटला तेव्हा तेही जखमी झाले. 19 ऑक्टोबर 1986 ला म्बुझिनीच्या डोंगरात माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालायचा हे शाळेत शिकवत नाहीत, पण मापुतोतल्या जुन्या गोवेकर घरांत जेवायला बसलात की पहिल्या वाढपात हे ऐकायला मिळतं.

स्वातंत्र्य मिळालं 25 जून 1975 ला. त्यानंतरची दहा-बारा वर्षं मी भरभर उरकतो. फेब्रुवारी 1977 च्या तिसऱ्या काँग्रेसमध्ये आघाडी संपली आणि मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष झाला. घरं, शाळा, दवाखाने सरकारी झाले. ऱ्होडेशियाच्या गुप्तचरांनी फ्रेलिमोविरुद्ध लढणारी रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली, 1980 नंतर ती दक्षिण आफ्रिकेने पोसली. पण ती फक्त परक्यांच्या पैशावर टिकली असं मानणं चूक ठरेल. सामूहिक गावांत कोंबलेला शेतकरी आणि अपमान झालेले गावप्रमुख तिला मिळाले. 1983 मध्ये 'ऑपरेशन प्रॉडक्शन' नावाखाली शहरांतले बेकार धरून नियासाच्या रानात सोडले. तेव्हा गृहमंत्री होते आर्मांदो गेबूझा. हेही नाव लक्षात ठेवा. युद्ध संपलं 4 ऑक्टोबर 1992 च्या रोम कराराने. मेलेल्यांचा अंदाज दहा लाखांच्या आसपास सांगतात.

या सगळ्या काळात पक्ष फुटला नाही. माशेल गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत जोआकिम शिसानो अध्यक्ष झाले, कुणी रस्त्यावर आलं नाही. आणि 1989 च्या पाचव्या काँग्रेसमध्ये मार्क्सवाद सोडला तेव्हाही कुणी बाहेर पडलं नाही. तुमच्या दुसऱ्या दलालाचं गणित इथे चुकतं. 'जुने मार्क्सवादी' आणि 'नवे धंदेवाले' ही दोन वेगळी माणसं नाहीतच. तीच माणसं, तेच वर्तुळ. 1990 च्या दशकात हजाराहून जास्त सरकारी उद्योग विकायला निघाले तेव्हा कर्ज कुणाला मिळेल, परवाना कुणाला मिळेल, हे सांगणारी मंडळी कालचीच होती. गृहमंत्री म्हणून कडवा समाजवाद राबवणारे गेबूझा देशातल्या बड्या धंदेवाल्यांत गणले जाऊ लागले आणि लोकांनी त्यांचं नाव 'गेबिझनेस' केलं. तिकडे एक म्हण आहे, बकरी जिथे बांधली तिथेच चरते. कारकून लाच मागतानासुद्धा हसत हसत ती म्हण टाकतो.

याच दशकात जागतिक बँकेच्या अटीने काजू बीची निर्यात मोकळी झाली. बी जहाजांनी भारतात आली आणि नामपुलातले काजू कारखाने बंद पडले, हजारो बायकांचं काम गेलं. मी तिथे गेलो तेव्हा त्या कारखान्यांची नुसती छपरं उभी होती. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने मला शांतपणे सांगितलं होतं, "तुमच्याच देशाने खाल्ला हा." पक्षातल्या काहींनी त्या वेळी बँकेविरुद्ध आवाज उठवला, काही गप्प बसले. ते गटही विचारसरणीने पडले नव्हते. ज्यांनी कारखाने घेतले होते ते ओरडले, ज्यांचा निर्यातीत हात होता ते ओरडले नाहीत.

मग गट आहेत तरी कुठे? माझं उत्तर: फ्रेलिमोत गट राष्ट्राध्यक्षाभोवती असतो आणि त्याच्यावर औषधाच्या बाटलीसारखी मुदत छापलेली असते. माणूस दुसऱ्या टर्मच्या मध्यावर आला की गट आटायला लागतो.

शिसानोंचं बघा. 1999 मध्ये रेनामोचे पुढारी ध्लाकामा यांच्यापुढे ते जेमतेम 52 टक्क्यांवर निवडून आले. पक्ष हादरला. 2002 च्या काँग्रेसमध्ये गेबूझा सरचिटणीस आणि पुढचे उमेदवार झाले. शिसानोंना बाजूला व्हावं लागलं; जगाने त्यांना त्याबद्दल 2007 मध्ये मो इब्राहिम पुरस्कार दिला, पक्षातले लोक मात्र त्या 'स्वेच्छे'बद्दल गालात हसतात. गेबूझांनी गावोगावच्या पक्षशाखा पुन्हा उभ्या केल्या, शिक्षक-परिचारिकांना पक्षाचं लाल सदस्य कार्ड घ्यायला लावलं आणि 2009 मध्ये 75 टक्के मतं घेतली. मी तेव्हा तिथे होतो. प्रचारात वाटलेल्या, त्यांचा चेहरा छापलेल्या कापुलाना, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते कापड, आमच्या गोदामात दोन वर्षं पोती झाकायला होत्या. पावसात रंग उतरला तरी चेहरा ओळखू यायचा.

2014 ला गेबूझांना स्वतः उभं राहता येत नव्हतं. त्यांच्या राजकीय आयोगाने, म्हणजे वरच्या डझन-दीड डझन लोकांच्या मंडळाने, तीन नावं पुढे केली. केंद्रीय समितीत जुने लढवय्ये बिथरले: हीच तीन का? यादी वाढली, माजी पंतप्रधान लुईझा दिओगो आणि आयरेस अली यांची नावं आली. शेवटी दिओगोंना हरवून संरक्षणमंत्री फिलिपे न्यूसी जिंकले. मुएदाचे माकोंदे, झेकोस्लोव्हाकियात शिकलेले इंजिनिअर, रेल्वेत नोकरी केलेले आणि एक अभ्यासक्रम आपल्या आयआयएम अहमदाबादचा. मागे चिपांदेंसारखे माकोंदे ज्येष्ठ. गेबूझांना वाटलं आपला माणूस बसवला. मार्च 2015 मध्ये त्यांनाच पक्षाध्यक्षपद सोडावं लागलं.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तुमचा पहिला दलाल तुम्हाला तिथेच नेतोय. 2015 ला मलाही वाटलं, आता माकोंद्यांचं राज्य. मी ओळखीतून एक माकोंदे गृहस्थ सल्लागार म्हणून पगारावर ठेवले. मुएदातल्या अर्ध्या ज्येष्ठांना ते मामा-काका म्हणायचे. नामपुला हा मकुआ लोकांचा प्रांत. आमच्या जिल्ह्यात पक्षाच्या प्रथम सचिवाने त्यांना पहिल्याच भेटीत पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावून विचारलं, "हे कोण?" पुढचे आठ महिने आमचे वजनकाटे तपासणीच्या नावाखाली तीनदा सील झाले. वरची टोळी खाली कामाला येत नाही. खाली काम करतो तो त्या जिल्ह्याचा सचिव आणि प्रशासक, आणि त्यांची बढती बदली कुणाच्या हाती आहे ते. काबो देल्गादोतच बघा: राष्ट्राध्यक्ष माकोंदे, लढवय्यांची पेन्शन माकोंद्यांना, आणि किनाऱ्यावरच्या म्वानी, मकुआ पोरांत राग साठत गेला. 2017 पासून तिथे पेटलंय, त्याला इतरही कारणं आहेत, पण हे एक नक्की.

न्यूसींच्या काळात आधीच्या वर्तुळाची मुदत कशी संपते तेही दिसलं. 2013-14 मध्ये तीन सरकारी कंपन्यांच्या नावावर संसदेला न विचारता सुमारे दोन अब्ज डॉलर कर्ज उचललं होतं, बोटी आणि किनारा संरक्षणासाठी म्हणून. 2016 मध्ये ते उघड झालं, नाणेनिधीने मदत थांबवली, चलन कोसळलं. 2022 च्या डिसेंबरमध्ये गेबूझांचा मुलगा एन्दाम्बी याला 12 वर्षांची शिक्षा झाली. माजी अर्थमंत्री मानुएल शांग न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरले. हे कर्ज झालं तेव्हा संरक्षणमंत्री न्यूसीच होते, पण मापुतोच्या खटल्यात ते आरोपी नव्हते. बाकी तुम्हीच ओळखा.

आणि मे 2024 ला तोच सिनेमा पुन्हा. राजकीय आयोगाची तीन नावं, केंद्रीय समितीचा गोंधळ, यादीत आणखी दोन. न्यूसींच्या मर्जीतले समजले जाणारे सरचिटणीस रोके सिल्वा मागे पडले, त्याच बैठकीत पद सोडून गेले. जिंकले दानिएल शापो, 1977 चे, स्वातंत्र्यानंतर जन्मलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. ते पूर्वी आपल्या नकालाजवळच्या नकाला-अ-वेल्याचे जिल्हा प्रशासक होते, नंतर पाल्माचे. तूरवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की या माणसाला ते बंदर नकाशावर शोधावं लागत नाही.

आता मघाशी सोडलेला धागा. ज्यांना पक्षाने पुसलं त्यांची मुलं परत आली. उरिया सिमांगोंचा मुलगा दाविझ बेइरा शहराचा महापौर झाला, आधी रेनामोकडून, मग स्वतंत्र. 2009 मध्ये त्याने एमडीएम पक्ष काढला. तो 2021 मध्ये वारला. भाऊ लुतेरो 2024 ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. माशेलचा मुलगा सामोरा ज्युनियर याला 2018 मध्ये मापुतोच्या महापौरपदाची उमेदवारी पक्षाने नाकारली, तो वेगळ्या यादीतून उभा राहायला गेला, ती यादी बाद झाली. त्या यादीभोवती जमलेल्या नाराज फ्रेलिमोवाल्यांतून पुढे पोदेमोस पक्ष निघाला. आणि 2024 मध्ये रेनामोतून बाहेर पडलेल्या वेनान्सिओ मोंदलाने यांनी (संस्थापक मोंदलानेंशी यांचा संबंध जोडू नका) याच पोदेमोसच्या पाठिंब्यावर निवडणूक लढवली. निवडणुकीचा अंतिम निकाल देणाऱ्या घटना परिषदेने शापोंना 65 टक्के आणि त्यांना 24 टक्के दिले. त्यांच्या वकिलाचा आधीच गोळ्या घालून खून झाला होता. रस्ते पेटले, तीनशेहून जास्त लोक मेले, फ्रेलिमोच्या कित्येक कचेऱ्या जळाल्या. तुमचा माल लटकला तो या आगीत. त्याचा माकोंदे-दक्षिण भांडणाशी संबंध नव्हता. पक्षाच्या नाक्यावर ज्यांना कधीच उभं राहता येणार नाही अशी पंचविशीतली पोरं होती ती.

तर थोडक्यात, तूर घेणाऱ्यासाठी: मापुतोतला गट धरू नका, त्याची मुदत तुमच्या कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असते. जिल्ह्याचा प्रशासक आणि पक्षाचा प्रथम सचिव, दोघांना स्वतः भेटा, मधला माणूस नको. बैठकीला गेलात आणि "विवा फ्रेलिमो" झालं तर उभे राहा, पण हात वर करायची गरज नाही, परदेशी माणसाकडून ती अपेक्षाही नसते. दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी बोलायला घाबरू नका. चोरून मात्र भेटू नका. देणगीची पावती मागा. मिळाली नाही तर देऊ नका, आणि हा नियम पहिल्याच वर्षी लावा, तिसऱ्या वर्षी लावता येत नाही. स्थानिक भागीदार घेताना तो कुणाचा जावई यापेक्षा त्याचं कुणाशी कोर्टात चालू आहे का, हे आधी बघा. 2023 च्या शेवटी नकालात भारतात यायची तूर अडकली होती ती व्यापाऱ्यांच्या आपसातल्या कोर्टकज्ज्यात, तिथे पक्षातली ओळख कुणाच्या कामी आली नाही. आणि शेतकऱ्याचं विसरू नका. 2017 मध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तिथला भाव एका हंगामात बसला. तेव्हा सचिवाने मलाच झाडाखाली दोनशे शेतकऱ्यांपुढे उभं करून सांगितलं, "दिल्लीने का केलं हे, ते हाच सांगेल." मला सांगता आलं नाही.

बाकी दोन तारखा वहीत लिहून ठेवा. पक्षाची काँग्रेस दर पाच वर्षांनी असते, 2022 ला मातोलात झाली, म्हणजे पुढची 2027. तिथे नव्या केंद्रीय समितीत नामपुला आणि झांबेझियातून कोण आलं ती यादी मिळवा. दुसरी तारीख निवडणुकीची. ती ऑक्टोबरमध्ये येते आणि तुमची तूर ऑगस्टपासून गोदामात जमायला लागते, हीच खरी अडचण. नगरपालिका 2028 ला, राष्ट्राध्यक्ष 2029 ला. त्या दोन वर्षी खरेदी थोडी महाग पडली तरी लवकर उरका आणि सप्टेंबर संपायच्या आत जेवढे कंटेनर चढवता येतील तेवढे जहाजावर चढवा.